चंदा ऑपरेशनला, थेरपीला काय?

मुलाला ऐकू येत नाही म्हटलं की आपल्याकडे चंदा सुरू होतो. मशिदीत, व्हॉट्सॲपवर. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे त्याआधी घालवलेल्या वर्षांना. 'बापही उशिराच बोलला होता.' मुलगी असेल तर, 'गवगवा नको, पुढं निकाह अडेल.' केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळतं, पण पाच वर्षांच्या आत. भाषा मेंदूत रुजते तीही याच वयात. नंतर चंद्यानं ऑपरेशन झालं तरी बोलणं येणं अवघड.

तयारी म्हणजे नुसते पैसे नव्हेत. बेरा तपासणी, काही महिने श्रवणयंत्र लावून पाहणं, सीटी, एमआरआय, मेंदूज्वराचा धोका टाळायला न्यूमोकोकलची लस. आणि नंतर वर्षानुवर्षं स्पीच थेरपी. ती नसेल तर मशीन डोक्याला, मूल गप्प.

आता सरकारला विचारतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ चा. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायची, यादीत जन्मजात बहिरेपण आहे. कागदावर सगळं आहे! वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासूनची, पण परंड्याच्या, उमरग्याच्या आईनं दर आठवड्याला मुंबई गाठायची? एस.टी.चं अर्धं तिकीट मिळतं, बुडालेली मजुरी कोण देणार? प्रत्येक तालुक्याला थेरपिस्ट हवा. त्यासाठी मोर्चा काढा, मी येतो. तोवर चंद्यातले निम्मे पैसे थेरपीच्या फेऱ्यांसाठी बाजूला ठेवा.