पहारा औषधांवर, सोबत मुलांना

डॉक्टरांनी लिहून दिलेले नसताना औषध घेणे, लिहून दिल्यापेक्षा अधिक मात्रेत घेणे, किंवा ज्या विकारासाठी ते आहे तो विकार नसताना केवळ गुंगी, तरतरी वा अंगबळ यांच्या ओढीने घेणे, या तिन्हींना मिळून औषधाचा गैरवापर म्हणतात. गर्द किंवा एमडी यांसारख्या अमली पदार्थांच्या व्यसनाहून ही बाब एका मूलभूत अर्थाने वेगळी आहे, कारण येथे पदार्थ मुळात कायदेशीर असतो. तो परवान्याने बनतो, परवान्याने विकला जातो आणि घरातील आजारी माणसाच्या उशाशी उघड पडलेला असतो. चिंताविकार व निद्रानाश यांवर दिली जाणारी अल्प्राझोलाम ही गोळी मालेगावात ‘कुत्ता गोली’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. कोडीन हे अफूजन्य द्रव्य असलेले खोकल्याचे सिरप देशभर नशेसाठी प्यायले गेले. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी खालावलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ जे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन वापरतात, ते पुण्यात व पश्चिम महाराष्ट्रात व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना विकले जात असल्याचे पोलिस कारवायांतून वारंवार उघड झाले. या प्रश्नावर समाजाने काय करावे, याविषयी जी मते प्रचलित आहेत त्यांपैकी बहुतेक मते सद्हेतूची आहेत, तरीही ती तपासून पाहावी लागतात, कारण त्यांतील काही निरुपयोगी आणि एखाद-दुसरे अपायकारक आहे.

पहिला पूर्वपक्ष असा की, हा विषय पोलिसांचा आणि अन्न व औषध प्रशासनाचा आहे. बंदी घालावी, छापे टाकावेत, परवाने रद्द करावेत, नागरिकांनी त्यात पडण्याचे कारण नाही. हे मत मांडणाऱ्यांनी महाराष्ट्रातील गुटखाबंदीचा इतिहास आठवावा. २०१२ साली बंदी आली आणि आजही गुटख्याची पुडी मिळण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. औषधांच्या बाबतीत तर बंदीचा मार्ग आणखी अरुंद आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत वा सिरपमध्ये दोन किंवा अधिक द्रव्ये ठरावीक प्रमाणात एकत्र केलेल्या औषधांवर, बंदी घातली. त्यांत कोडीनयुक्त सिरपही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि क्लोरफेनिरामाइन व कोडीन यांच्या मिश्रणावर पुन्हा बंदी येण्यासाठी जून २०२३ उजाडावे लागले. या सात वर्षांत जो मुलगा तेरा वर्षांचा होता तो वीस वर्षांचा झाला. शिवाय अल्प्राझोलामवर सरसकट बंदी घालणे शक्यही नाही आणि इष्टही नाही, कारण ज्या रुग्णाला ते खरोखर हवे आहे त्याच्यावर तो अन्याय ठरेल.

यावरून कायदा कुचकामी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१३ मध्ये ‘एच-१’ ही अनुसूची समाविष्ट करण्यात आली आणि मार्च २०१४ पासून ती अमलात आली. अनुसूची म्हणजे नियमांना जोडलेली औषधांची यादी. या यादीतील औषध विकताना दुकानदाराने स्वतंत्र नोंदवहीत लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असे बंधन आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, ट्रामाडोल, कोडीन ही सारी औषधे त्या यादीत आहेत. कागदावर याहून चोख व्यवस्था करणे कठीण आहे. व्यवहारात मात्र चार वर्षांपूर्वीची, घड्यांवर फाटलेली चिठ्ठी पुढे केली जाते, किंवा तीही केली जात नाही. स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या कागदाच्या पुडीत दिल्या जातात, त्यामुळे औषधाचे नाव असलेला भाग एकाकडे आणि मुदतीची तारीख असलेला भाग दुसऱ्याकडे जातो. बिल मागितले जात नाही व दिलेही जात नाही. आणि नोंदवही, जेथे ती आहे तेथे, महिनाअखेरीस एका बैठकीत सुचतील त्या नावांनी भरली जाते. औषध निरीक्षक हे सारे रोज पाहू शकत नाही. त्या गल्लीत राहणारे मात्र रोज पाहतात आणि, खरे सांगायचे तर, स्वतःच्या डोकेदुखीसाठी तीच सवलत दुकानदाराकडून मागूनही घेतात. विनाचिठ्ठीची ही सोय ज्येष्ठांना हवी आणि मुलांना नको, अशी मागणी कोणत्याही दुकानदाराला पाळता येणार नाही.

बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागासह जो कृती आराखडा आखला, त्यानंतर अनेक जिल्ह्यांत औषध दुकानांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. कॅमेरा असावा, पण तो ग्राहकाचा चेहरा टिपतो, नोंदवहीतील खोटे नाव टिपत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक लोकप्रिय आहे आणि म्हणूनच त्याचे खंडन अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे. मुलांना दुष्परिणामांची भीती घातली की ती या वाटेला जाणार नाहीत, या समजुतीने २६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिनी, शाळाशाळांत व्याख्याने होतात, प्रभातफेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात आणि भिंतींवर कवट्यांची चित्रे लावली जातात. या पद्धतीची जगातील सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तेथील शाळांच्या सहकार्याने ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातील पोलिस वर्गात येऊन व्यसनांचे धोके सांगत आणि नकार देण्याचे शिक्षण देत. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, राजकीय नेत्यांनी उचलून धरला. पुढे संशोधकांनी तो शिकलेल्या व न शिकलेल्या मुलांची तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा वर्षे त्याच मुलांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासातही दोन्ही गटांत व्यसनांच्या बाबतीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. त्याच देशात १९९८ ते २००४ या काळात दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर भर देणारी एक सरकारी मोहीम चालली आणि तिचे मूल्यमापन तर उलट दिशेला बोट दाखवणारे निघाले: जाहिराती अधिक पाहिलेल्या मुलांपैकी काहींचा असा ग्रह झाला की गांजा सगळेच ओढतात. भीतीच्या प्रचारात ही खोच नेहमीच असते. ‘हे फार पसरले आहे’ असे बजावताना ‘हे सर्वसामान्य आहे’ हेही नकळत सांगितले जाते.

औषधांच्या बाबतीत या पद्धतीत आणखी एक दोष शिरतो. कवटीचे चित्र पाहणाऱ्या मुलाने तीच गोळी आजीला रोज रात्री पाण्याबरोबर घेताना पाहिलेली असते आणि आजी दुसऱ्या दिवशी व्यवस्थित उठून पूजा करते. अशा वेळी मूल वक्त्यावर विश्वास ठेवील की डोळ्यांवर? ज्याला एका गोष्टीत अतिशयोक्ती केलेली कळली, तो दुसऱ्या गोष्टीतील सत्यही सोडून देतो. सांगायचे ते असे की आजीची मात्रा, आजीचे वय आणि आजीचा विकार वेगळा आहे. या वर्गातील गोळ्या दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि विशीच्या पुढेपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूला सवय लवकर जडते. हे भयप्रद चित्राविना सांगता येते. त्यासाठी गणवेशातील अधिकाऱ्यापेक्षा गावातील औषधविक्रेता अथवा परिचारिका अधिक योग्य ठरेल.

तिसरे मत मताच्या रूपात क्वचितच मांडले जाते, ते गृहीत धरले जाते: हे ‘त्यांच्या’ वस्तीतले आहे, आपल्या घरातले नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १.०८ टक्के भारतीय शामक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेत असल्याचे आढळले. शामक म्हणजे मज्जासंस्थेची क्रिया मंद करून झोप वा शांतता आणणारी औषधे. ही संख्या कोटीच्या पुढे जाते आणि ती एखाद्या वस्तीत मावणारी नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहण्यांत वेदनाशामकांचा गैरवापर करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती मित्र वा नातेवाईक यांच्याकडून मिळाल्याचे वर्षानुवर्षे दिसत होते. महाराष्ट्रातील घरांत फ्रिजवर किंवा देवघराखालच्या खणात औषधांचा जो डबा असतो, त्यात आजोबांच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोणाच्या तरी दुःखद प्रसंगी डॉक्टरांनी चार दिवसांसाठी दिलेली झोपेची स्ट्रिप आणि अर्धी संपलेली सिरपची बाटली असे बरेच काही साठते, आणि त्यांतील किती गोळ्या उरल्या आहेत हे घरात कोणालाही ठाऊक नसते.

खंडन येथवर पुरेसे झाले. मंडन करताना प्रथम हे स्पष्ट करणे आवश्यक आहे की समाजाचा सहभाग म्हणजे गल्लीतील टोळक्याने संशयित मुलाला पकडणे, त्याची चित्रफीत काढणे आणि ती समाजमाध्यमांच्या गटावर फिरवणे नव्हे. तसे करणे बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हाही आहे, कारण अशा मुलाची ओळख उघड करण्यास तेथे मनाई आहे; उलट त्याच कायद्याच्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याविना मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याने दोषाचा बोजा देणाऱ्यावर टाकला आहे, घेणाऱ्या मुलावर नाही. समाजाने हाच क्रम पाळावा, एवढीच येथील भूमिका आहे: पहारा ठेवायचा तो औषधांच्या वाटेवर, आणि मुलांना द्यायची ती सोबत.

वाटेवरचा पहारा घरापासून सुरू होतो आणि त्यात वीरश्रीचे काही नाही. डबा कुलुपात ठेवणे, गोळ्या मोजून ठेवणे, उरलेले औषध परत करणे ही ती कामे होत. परत कोणाला करायचे, हा प्रश्न रास्त आहे, कारण भारतातील औषध दुकानांवर उरलेले औषध स्वीकारण्याचे बंधन नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०१० पासून ठरावीक दिवशी अशी औषधे गोळा केली जातात; केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोड येथे घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. पुण्या-नाशिकच्या एखाद्या प्रभागात केमिस्ट संघटना व महापालिका यांना हे करता येणार नाही असे मानण्यास कारण नाही. दुकानाच्या पातळीवर नागरिकांनी दोनच गोष्टींचा आग्रह धरावा, चिठ्ठीचा आणि बिलाचा, आणि तो प्रथम स्वतःपुरता धरावा. प्रामाणिक दुकानदाराला या आग्रहाचा आधारच होतो, कारण चिठ्ठी मागितल्यामुळे शेजारच्या दुकानात जाणारे गिऱ्हाईक हीच त्याची खरी अडचण असते.

सोबतीच्या बाजूने पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेतील आयोवा व पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील २८ ग्रामीण व निमशहरी समुदायांत एक प्रयोग झाला. त्यांतील निम्मे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले गेले, तेथे शिक्षक, पालक व स्थानिक संस्था यांचे गट उभे राहिले आणि सहावी-सातवीच्या मुलांसाठी कौटुंबिक संवादाचे व जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले गेले. त्या वर्गांत गोळ्यांच्या गैरवापरावर स्वतंत्र भर नव्हता, तरीही बारावीत पोचेपर्यंत अफूजन्य वेदनाशामकांचा गैरवापर त्या गावांत सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. आइसलँडमध्ये दहावीच्या वयाच्या मुलांत गेल्या महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले; तेथे खेळ व संगीताचे वर्ग यांसाठी पैसा दिला गेला, पालकांनी आपसांत करार केले, आणि दर वर्षी मुलांना निनावी प्रश्नावली देऊन प्रत्येक शाळेला तिचे निष्कर्ष कळवले गेले. तो छोटा व संपन्न देश आहे, हा आक्षेप खरा आहे. पण निनावी प्रश्नावलीला संपन्नता लागत नाही.

‘यासाठी वेळ कोणाला आहे’ या शेवटच्या आक्षेपाला उत्तर असे की नवी संस्था काढण्याची गरजच नाही. शिक्षक-पालक संघ आहे, गणेशोत्सव मंडळे आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, आणि २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने चालणारी किशोरवयीनांची समुपदेशन केंद्रेही आहेत. एखादा मुलगा गोळ्यांत अडकल्याचे कळले तर या मंडळींनी पालकांना सर्वप्रथम एक गोष्ट समजावून सांगावी: दीर्घकाळ घेतलेली शामक गोळी घरच्या घरी एकाएकी बंद केल्यास मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून कोंडून ठेवणे हा उपाय नसून धोका आहे, आणि मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, आणि १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी सल्ला मिळतो, हेही पालकांना बहुधा ठाऊक नसते. सरकारी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा शाळेच्या वेळांवरच येत असल्याने, ‘मैत्री’ केंद्र आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी उघडे ठेवावे, असा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देऊन तो मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करणे हे मंडळाच्या पहिल्या बैठकीतच ठरवता येईल.