मुक्या गिऱ्हाइकाची बाजू

विद्यार्थ्यानें शिकत असतांना चार पैसे मिळवावे कीं मिळवूं नयेत, हा वाद घरोघर जुनाच आहे. गेल्या दिवाळीपासून आमच्या शाळेमागील आळींत त्या वादास एक नवें निमित्त मिळालें. नववींत शिकणाऱ्या दोघां मित्रांनीं सुट्टींत आळींतल्या कुत्र्यांचीं छायाचित्रें काढण्यास आरंभ केला, आणि सुट्टी संपण्यापूर्वींच त्या छंदाचा लहानसा धंदा झाला. कोणी त्यांचें कौतुक केलें, कोणी थट्टा केली. एका पालकांनीं तर 'परीक्षेंत कुत्र्यांवर प्रश्न येणार आहेत काय?' असें विचारलें. आम्हीं हा सारा प्रकार जवळून पाहिला आहे. त्यावरून आमचें जें मत बनलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभ अगदीं साधा होता. एकाजवळ वडिलांचा मोबाइल, दुसऱ्याजवळ मामांनीं टाकून दिलेला जुना कॅमेरा. माणसांचीं चित्रें काढावीं, तर माणसें केंस सारखे करून ताठ उभीं राहतात. म्हणून त्यांनीं कुत्रे निवडले. पंधरा दिवसांत अकरा कुत्र्यांचीं चित्रें निघालीं. पैकीं चार कुत्रे घरचे व सात बेवारशी. तीं छापून मुलांनीं पिठाच्या गिरणीबाहेरील फळ्यावर लावलीं, आणि प्रत्येकाखालीं आळींत चालत असलेलें नांव लिहिलें: मोत्या, राणी, टिप्या, काळू. आम्ही त्या गिरणींत कित्येक वर्षें दळण नेत आहों. दाराशीं निजलेल्या काळूस आम्हीं शेंकडों वेळां ओलांडलें असेल. परंतु त्याच्या डाव्या कानाचें टोंक कापलेलें आहे, हें आम्हांस त्या चित्रांतच प्रथम दिसलें. ती इजा नव्हे. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानास ओळखीसाठीं अशी खूण करतात, हेंही त्या मुलांनींच आम्हांस सांगितलें. इतकीं वर्षें आम्ही डोळे उघडे ठेवून चालत होतों, पण पाहत नव्हतों, असें कबूल करणें प्राप्त आहे.

मुलांच्या हातीं कॅमेरा येणें हें आजचें खूळ आहे, असेंही कोणी समजूं नये. १८३९ सालीं दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायालेखनाची कृति जगापुढें आली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. हलणारी वस्तु त्यांत धड उमटत नसे. मग शेंपूट हलविणाऱ्या कुत्र्याची गोष्ट दूरच. १८७८ सालीं मायब्रिज यानें अमेरिकेंत पालो आल्टो येथें बारा कॅमेरे एका ओळींत मांडून धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं, आणि १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहांत कुत्र्यांच्या चालीसही स्थान मिळालें. पुढें १९०० सालीं ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीनें 'ब्राउनी' नांवाचा पेटीसारखा कॅमेरा अवघ्या एका डॉलरास विकावयास काढला, व तो मुलांनींही वापरावा अशी जाहिरात केली. म्हणजे या गोष्टीस आतां सव्वाशें वर्षें झालीं.

खरी मौज अशी कीं, कुत्र्याचें चांगलें चित्र काढण्याचे जे नियम आहेत, ते बहुतेक सौजन्याचेच नियम आहेत. उभ्यानें खालीं कॅमेरा रोखला, तर चित्रांत मोठें डोकें व पाठ तेवढी येते. म्हणून जमिनीवर बसून, प्रसंगीं पालथें पडून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावें लागतें. एलियट अर्विट (१९२८–२०२३) हे या विषयांतले नामांकित छायाचित्रकार. न्यूयॉर्क येथें १९४६ सालीं घेतलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत कॅमेरा इतका खालीं आहे कीं, जवळ उभ्या असलेल्या बाईंचीं फक्त पावलें दिसतात, आणि चिमुकला कुत्राच चित्राचा नायक होतो. अनोळखी कुत्र्याकडे टक लावून पाहिलें, तर तें त्यास आव्हान वाटतें. म्हणून नजर किंचित् वळवून स्वस्थ बसावें, व तो आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबावें. फ्लॅशचा दिवा त्याच्या डोळ्यांवर उडवूं नये. त्याच्या डोळ्यांच्या आंत प्रकाश परतविणारा पडदा असल्यामुळें डोळे भुतासारखे चमकतात, आणि तो बिचकतो तें निराळेंच. सकाळचें कोंवळें ऊन किंवा ओसरीच्या कडेची सावली हींच उत्तम. धांवत्या कुत्र्यासाठीं सेकंदाचा पांचशावा भाग किंवा त्याहूनही थोडा वेळ ठेवावा.

काळ्या कुत्र्याच्या बाबतींत तर एक विशेष अडचण येते. समोरची वस्तु मध्यम उजळ असावी, असें यंत्र गृहीत धरतें व काळ्यास राखी करून टाकतें. म्हणून तेथें प्रकाश आपण होऊन कमी करावा लागतो, आणि पांढऱ्या कुत्र्यासाठीं वाढवावा लागतो. काळूचें पहिलें चित्र राखेच्या ढिगासारखें आलें होतें. सातव्या दिवशीं तो काळू म्हणून ओळखूं आला. यंत्राचा अंदाज खरा न मानतां समोरच्या जिवाकडे पुन्हां पाहावें, हा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकांत इतक्या सहज मिळतो?

फळ्यावरचीं चित्रें पाहून आळींतल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकाबाईंनीं आपल्या म्हाताऱ्या कुत्रीचें चित्र काढून मागितलें व दर विचारला. मुलांनीं दर ठरविलाच नव्हता. त्या रात्रीं दोघांनीं वहींत हिशेब मांडला. एका बैठकीचे ३०० रुपये, त्यांतून पांच छापील प्रतींचे, दर प्रतीस १५ प्रमाणें, ७५, जाण्यायेण्याचे ४०, कुत्र्याच्या खाऊचे २५, उरले १६०. चित्रें काढण्यास एक तास, त्यांची निवड व दुरुस्ती करण्यास दोन तास. शिवाय वांटणी दोघांत. म्हणजे तासास माणशीं सत्तावीस रुपयेही पडेनात! हा आंकडा पाहून आपले चेहरे उतरले, असें त्यांनींच सांगितलें. आम्हांस मात्र तो हिशेब फार मोलाचा वाटतो. हातीं आलेला पैसा व खरी प्राप्ति यांतलें अंतर ज्यास नवव्या इयत्तेंत कळलें, तो पुढें वडिलांच्या पगाराकडे निराळ्या दृष्टीनें पाहील.

परंतु धंद्याची खरी परीक्षा पुढेंच होती. एका गृहस्थांनीं आपल्या पामेरिअन कुत्र्याच्या वाढदिवसाचीं चित्रें काढण्यास मुलांस बोलाविलें व २०० रुपये आगाऊ दिले. मुलें गेलीं, तों कुत्र्यास तांबडी कागदी टोपी, काळा चष्मा व जरीचा अंगरखा असा थाट केलेला. कुत्र्यास निळा व पिवळा हे रंग ओळखतां येतात. तांबडा व हिरवा यांतला भेद त्यास नीटसा कळत नाहीं. तेव्हां टोपीचा तांबडा रंग पाहुण्यांसाठीं होता. कुत्र्याच्या वांट्यास हनुवटीखालीं काचणारा रबर तेवढा आला. तो पुन्हां पुन्हां जांभया देऊं लागला, ओंठ चाटूं लागला, आणि शेंपूट पोटाशीं घेऊन कोपऱ्यांत बसला. अशा वेळीं ती झोंप नव्हे व भूकही नव्हे. हीं भीतीचीं लक्षणें होत. 'काका, टोपी काढून पांच मिनिटें थांबूं या का?' असें एकानें विचारलें. 'पैसे मी देतों आहें, बाळांनो. तुम्ही आपले फोटो काढा,' असें उत्तर मिळालें. मुलांनीं कॅमेरा पिशवींत घातला, २०० रुपये परत दिले, आणि घरीं आलीं. घरीं बोलणीं खावीं लागलीं. 'गिऱ्हाईक सांगेल तसें करावें, एवढाही व्यवहार कळत नाहीं,' असें एकाच्या वडिलांचें म्हणणें पडलें.

त्या वडिलांविषयीं आम्हांस आदर आहे. पण आमचें मत मुलांच्या बाजूचें आहे. या धंद्यांत गिऱ्हाइकें दोन असतात. एक पैसे देतें व बोलतें. दुसरें पैसे देत नाहीं, बोलतही नाहीं, पण चित्र त्याचें असतें. शिंप्यानें कापड उलटसुलट केलें तरी कापडास दुःख होत नाहीं, येथें होतें. पूर्वीं टांग्यांत बसणाऱ्या उतारूस लवकर पोंचावयाचें असे, व घोड्याच्या पाठीवरील वळ पाहण्याचें काम टांगेवाल्याच्या सचोटीवर सोपविलेलें असे. कुत्र्यांच्या छायाचित्रकाराची गोष्ट तशीच आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशांत १९६० सालापासून आहे. परंतु टोपीच्या रबरासाठीं कोणी न्यायालयांत जात नाहीं, व जावें असेंही आमचें म्हणणें नाहीं. कायद्याची नजर जेथें पोंचत नाहीं, तेथें धंदा करणारानें मुक्या गिऱ्हाइकाची बाजू घेतली पाहिजे. कारण त्या वेळीं त्या खोलींत ती घेणारा दुसरा कोणी नसतो.

यांत मुलांचें नुकसान झालें नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्या गृहस्थांकडून पुन्हां बोलावणें आलें नाहीं, व त्यांच्या ओळखीचीं आणखी दोन घरें गेलीं. सचोटीचें फळ लगेच पदरांत पडतें, अशा गोष्टी सांगून मुलांस फसवूं नये. सचोटीस किंमत पडते, आणि ती द्यावी, हेंच त्यांस सांगावें.

पालकांची एक शंका मात्र आम्हांस पूर्ण मान्य आहे. अनोळखी कुत्रा चावूं शकतो. जेवणाऱ्या, निजलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या जनावरापाशीं जाऊं नये. एकट्यानें तर जाऊंच नये. दांत किंवा नख लागलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा व डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें लशीचे सर्व डोस पूर्ण करावे. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी बहुधा वांचत नाहीं. अशी गोष्ट घरीं लपविणाऱ्या मुलाच्या हातीं कॅमेरा देऊं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अठरा वर्षांखालील मुलास १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें करार करतां येत नाहीं. म्हणून ठराव आईबापांच्या सहीनें व्हावा. तसेंच १९५७ च्या कायद्याप्रमाणें, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा हक्क, उलट ठराव नसेल तर, काढवून घेणाराकडे जातो. तेव्हां असें चित्र जाहिरातीसाठीं फळ्यावर लावण्यापूर्वीं मालकाची परवानगी घ्यावी. ज्या मुलांस मुक्याची बाजू घेतां येते, त्यांनीं बोलक्याचाही हक्क ओळखला पाहिजे.

आणि 'कुत्र्यांत काय एवढें पाहावयाचें आहे?' असें विचारणारांस आमचें उत्तर थोडक्यांत आहे. दत्तात्रेयांच्या पायाशीं चार कुत्रे आम्ही देवघरांतल्या तसबिरींत रोज पाहतों. कुत्र्यास बाहेर टाकून स्वर्गांत जाण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें, ही महाभारतांतली कथा आम्ही मुलांस प्रेमानें सांगतों. मग त्याच मुलांनीं दाराबाहेरच्या कुत्र्याकडे नीट पाहिलें, तर हंसावयाचें कशास? अभ्यासाचे तास मात्र ठरलेले असावे, व धंदा रविवारापलीकडे जाऊं नये. या अटी त्या दोघांनीं आपण होऊन मान्य केल्या आहेत.

शेवटीं एक गोष्ट सांगून आम्ही लेखणी ठेवतों. यंदा आषाढांत, पावसाच्या एका रात्रीं काळू गाडीखालीं सांपडला. दुसऱ्या दिवशीं गिरणीवाले काका मुलांच्या दाराशीं आले. काळू त्यांचा म्हणून कधीं कोणी समजला नव्हता. त्यांनीं स्वतःही तसें कधीं म्हटलें नव्हतें. 'त्याचा एखादा फोटो आहे का रे?' एवढेंच त्यांनीं विचारलें. मुलांजवळ काळूचीं तेवीस चित्रें होतीं. काकांनीं उंबऱ्यावर बसलेला, काळ्या नाकावर पांढरें पीठ लागलेला काळू निवडला, व किती द्यावयाचे तें विचारलें. मुलें कांहीं घेईनात. काका फुकट नेईनात. अखेर प्रतीच्या छपाईचे १५ रुपये तेवढे मुलांनीं घेतले. आमच्या मतें हा हिशेब बरोबर झाला. कागदाची किंमत काकांकडून घेणें रास्त होतें. पण त्या सात दिवसांत दिलेला वेळ त्यांनीं काकांस दिला नव्हता, काळूस दिला होता, व त्याचे पैसे मागण्यासारखे नव्हते.

तें चित्र आतां गिरणींत तराजूच्या वर टांगलेलें आहे. दळण घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें एकदां पाहावें, आणि दाराशीं दुसरा कोणी निजलेला असेल, तर त्यास ओलांडण्यापूर्वीं क्षणभर त्याच्याकडेही पाहावें. कॅमेरा जवळ नसला, तरी चालेल.