दुसरी खेप

रविवारच्या मिस्सेनंतर शिबिराची सूचना वाचली तेव्हा बावीस हात वर झाले. बसमध्ये चढले सतरा. आमच्या वसईत युथचा हा हिशेब ठरलेलाच आहे. कुणाचा पेपर निघतो, कुणाच्या मावसभावाचं लग्न निघतं, आणि मे महिन्यात लग्न निघालं तर कुणाला काय बोलणार?

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर सिस्टरांचं वसतिगृह आहे. मे महिन्यात खरं तर ते ओस पडायला हवं. पण तिथल्या बऱ्याच वारली मुलांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. शाळेला सुट्टी लागली तरी घराला कुलूप. म्हणून सिस्टर तीन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर घेतात. गाणी, खेळ, थोडं वाचन आणि दोन वेळचं पोटभर जेवण. त्यातले पाच दिवस आम्ही मदतीला जातो. ‘जातो’ म्हणायचं, पण ही आमची दुसरीच खेप.

पहिल्या खेपेला आम्ही रंगाचे डबे घेऊन गेलो होतो. जेवणघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर पोरांनी इंद्रधनुष्य काढलं, मासे काढले, पोपट काढले. वर, वळचणीखाली, आमच्या धर्मग्रामाचं नाव ऑइलपेंटने ठसठशीत. भिंतीसमोर जितके फोटो निघाले तितके आमच्याकडे नाताळातही निघत नाहीत. सिस्टर बाजूला उभ्या राहून हसत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही काही विचारलं नाही.

यंदा बसमधून उतरलो तर माशांना डोकी नव्हती. छपराची कौलं फुटलेली, अख्खा पावसाळा पाणी भिंतीत मुरलेलं, रंगाचे पोपडे सुटलेले. इंद्रधनुष्याची एक निळी चिंधी तेवढी उरली होती. शाबूत होतं ते फक्त आमचं नाव.

पोरं गप्प झाली. त्यांच्यापेक्षा मी जास्त गप्प झालो, कारण रंगांची बिलं मीच पास केली होती.

खरं तर या वेळी मी शहाणपणा केला होता. उपवासकाळातच सिस्टरांना फोन लावून विचारलं होतं, “सिस्टर, येताना काय आणू?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “आणू काही नका. किती दिवस थांबाल तेवढं सांगा.” मग वहीच्या पानावर लिहिलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. पाण्याची टाकी उपसून घासणे. गोधड्या, चटया उन्हात घालणे. तांदूळ निवडणे. कुंपण. आणि सगळ्यांत शेवटी, खाली दोन रेघा ओढून, कौलं चाळणे. आमच्या मुलींनी महिनाभर बसवलेल्या अ‍ॅक्शन साँग्जना यादीत जागाच नव्हती. ती गाणी मग रात्री जेवणानंतर झाली, आणि तिथेच ती शोभली.

टाकीत वीतभर गाळ निघाला. पण या खेपेचं खरं काम छपरावर होतं. शिकवायला पाड्यावरचे एक काका आले. दोन दिवसांपूर्वीच भट्टीवरून परतलेले, अंगाने काटकुळे, शिडीला हात न लावता वर चढणारे. त्यांचा पहिला धडा एका वाक्याचा होता. “कौलावर नाय, रिपेवर पाय ठेवा.” आमच्या इंजिनिअरिंगच्या पोराने तो ऐकला आणि दुसऱ्याच पावलाला दोन कौलं फोडली. मंगलोरी कौलांची गंमत अशी, की वरचं उचलल्याशिवाय खालचं निघत नाही. एक बदलायचं तर चार हलवावी लागतात. काकांनी ती पत्त्यांसारखी उचलून पुन्हा खाचेत खाच बसवली, आणि त्या पोराला ओरडण्याऐवजी त्याच्या चपला काढायला लावल्या.

चहाच्या वेळी मी ज्ञान पाजळलं, की ही कौलंसुद्धा मिशनचीच. बासल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचा जुना रोजगार सुटला त्यांना काम मिळावं, हा त्यामागचा एक हेतू होता. पोरांनी माना डोलावल्या. त्यांचं लक्ष काकांकडे होतं.

एकाने विचारलं, “काका, भट्टी कुठे तुमची?”

“तुमच्याच बाजूला. हायवेच्या पलीकडं, कामणला.”

पोरगा चमकला. कामणच्या रस्त्याने हे सगळे दर पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जातात. “आम्ही तिथूनच जातो की! तिथे तर कधी कुणीच दिसत नाही.”

“पावसात भट्टी बंद. तवा आम्ही इथं.”

एवढंच बोलणं झालं. आमची सहल सुरू होते तेव्हा त्यांचं बिऱ्हाड उठलेलं असतं. एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षं असून गाठ नाही. गाठ पडली ती शंभर किलोमीटर लांब, छपरावर.

निघण्याआधी आमच्या आर्थिक समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला रोखठोक विचारलं होतं, “बसभाडं, डिझेल, सतरा जणांचा शिधा; त्यापेक्षा तेवढे पैसे पाठवले असते तर गवंडी-सुतारांनी दोन दिवसांत काम उरकलं नसतं?” प्रश्न बिनतोड आहे. पहिल्या खेपेपुरतं तर त्यांचं शंभर टक्के खरं होतं. पहिल्यांदा जातो तो स्वतःसाठीच जातो. डोळे भरतात, फोटो भरतात, रात्री बसमध्ये साक्षी दिल्या जातात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला सेवा म्हणू नये.

श्रमशिबिरांचा इतिहास वाचताना मला पिएर सेरेझोल हा स्विस इंजिनिअर भेटला. बाप स्वित्झर्लंडचा राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, तो फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात मित्रांसह फावडं घेऊन गेला. पथकात जर्मनही होते. जखमा ताज्या होत्या, लोकांना ते खपलं नाही आणि काही महिन्यांतच काम गुंडाळावं लागलं. हाच माणूस १९३४च्या भूकंपानंतर बिहारमध्ये गावं वसवायला आला. एकदा येऊन थांबला नाही, पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा आला. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीबद्दलही जे ऐकतो ते हेच, की मे आला की ती भरतेच.

वडीलधाऱ्यांना मी आता उत्तर देऊ शकतो. पैसे पाठवले असते तर कौलं बसली असती, पण गेल्या वर्षीची आमची चूक आम्हाला कुणी दाखवली नसती. ती बघायला त्याच भिंतीसमोर परत उभं राहावं लागतं.

शेवटच्या दिवशी ती भिंत खरवडून चुना मारला. पोपडे हाताने निघाले. वळचणीखालच्या नावाला मात्र पत्र्याच्या खरडणीने पाऊण तास लागला. ऑइलपेंट चांगल्या कंपनीचा होता.

परवा, मृगाच्या दुसऱ्या दिवशी, सिस्टरांचा फोन आला. तिकडे धोधो झाला होता. “छप्पर बरं आहे,” त्या म्हणाल्या. “दोन ठिकाणी ठिबकतंय. बादल्या लावल्यात, आणि खाली जमिनीवर खडूने फुल्या मारून ठेवल्यात.”

मी निरोप युथच्या ग्रुपवर टाकला. अंगठे बरेच आले. इंजिनिअरिंगच्या पोराने तेवढं लिहिलं, “अंकल, खडू पुसला जाईल. सिस्टरांना खिळ्याने खूण करायला सांगा.”