वेगाचे वीजबिल

इंटरनेटचा वेग सगळेच मोजतात. त्यासाठी लागणारी वीज क्वचितच कोणी मोजतो. नेटवर्कच्या चिपमध्ये सेकंदाला अब्जावधी वेळा विद्युतभार भरतो, रिता होतो आणि दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. मुंबईच्या उकाड्यात ती उष्णता बाहेर काढायला वातानुकूलनाची वीज वेगळीच.

वेग दुप्पट केला, की चिपचा हा खर्च दुप्पट होतो. व्होल्टेज निम्मे केले, तर तो पावपट उरतो. पण मग ट्रान्झिस्टर मंदावतात आणि क्षीण संकेत गोंगाटात हरवू शकतात. हा तोल साधणे हेच चिपचा आराखडा करणाऱ्याचे कसब.

उपनगरांना हा विषय परका नाही. अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. पवईच्या आयआयटीत चिपच्या आराखड्यांवर संशोधन चालते. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेत आराखड्यांनाही प्रोत्साहन आहे. चर्चा मात्र कारखान्यांचीच होते.

सरकारी खात्यांनी नेटवर्कची उपकरणे घेताना वेगाबरोबरच प्रत्येक बिटमागे लागणारी वीजही तपासावी. अशी मागणी असेल, तरच काटकसरी चिप प्रयोगशाळेबाहेर पडतील.