आईला काय आठवतं?
लवळ्यात टेकडीवर विद्यापीठ, पायथ्याशी गाव. तिथल्या एका चाळिशीतल्या मित्राने या आठवड्यात स्वमग्नतेची तपासणी करून घेतली आणि डॉक्टरांनी पहिलं बोलावणं धाडलं त्याच्या आईला! दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीची आपली भारतीय ‘आयसा’ मोजपट्टी 40 मुद्द्यांची, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. प्रश्न घरच्यांना: नजरेला नजर देतो का, एकटाच तेच ते खेळतो का... काकू म्हणाल्या, “गाडी चालवायचा नाही, उलटी धरून चाकंच फिरवायचा. आम्हाला वाटलं, इंजिनिअर होणार.” झालाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तिला वयाची अट नाही. मग मोठ्यांसाठी वेगळी, मोठ्यांनाच विचारणारी तपासणी सरकारी रुग्णालयांत मिळालीच पाहिजे. ज्यांची आई हयात नाही, त्यांनी सोबत कुणाला न्यायचं?