न फुटलेल्या बॉम्बचा हिशेब कोण मागणार?

लहानपणी दिवाळीत सकाळी उठलं की आम्ही पोरं गल्लीभर फिरून आदल्या रात्रीचे न फुटलेले फटाके गोळा करायचो. फुसक्या लवंग्या, वात जळून गेलेले सुतळी बॉम्ब. दारू कागदावर काढायची आणि काडी लावायची. एकाची भुवई जळली होती, तेवढ्यावर निभावलं.

लाओसमधली पोरंही असंच काहीतरी उचलतात. फक्त त्यांच्या हाताला लागतो तो टेनिसच्या चेंडूएवढा लोखंडी गोळा. तिथे त्याला 'बॉम्बी' म्हणतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर असे सुमारे २७ कोटी गोळे टाकले. त्यातले अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. म्हणजे आठ कोटी जिवंत गोळे, आणि देश आपल्या महाराष्ट्रापेक्षाही लहान! युद्ध संपल्यानंतर न फुटलेल्या दारूगोळ्याने तिथे २० हजारांहून अधिक लोक मेले किंवा जायबंदी झाले. नांगर लागला, चूल पेटवली, पोराने खेळायला उचललं, एवढंच निमित्त.

क्लस्टर बॉम्ब म्हणजे हेच. एक मोठा बॉम्ब, रॉकेट किंवा तोफगोळा हवेत उघडतो आणि पोटातले छोटे बॉम्ब मोठ्या पट्ट्यात विखुरतो. रणगाड्यांचा ताफा किंवा सैन्याचा जमाव अडवायला हे अस्त्र प्रभावी आहे, हे मान्यच करायला हवं. भानगड आहे ती फुसक्या निघालेल्यांची. मोठा बॉम्ब न फुटता पडला तर निदान डोळ्यांत भरतो. हे गोळे गवतात, चिखलात दडून बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी नातवाला सापडतात.

म्हणून २००८ साली डब्लिनमध्ये यावर पूर्ण बंदी घालणारा करार झाला. २०१० पासून तो लागू आहे. शंभरहून अधिक देश त्यात आहेत आणि २०२३ संपेपर्यंत त्यांनी आपले जाहीर केलेले सगळे साठे नष्टही केले. 'असले करार कागदावरच राहतात' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल, इराण, पाकिस्तान आणि आपण यातलं कुणीच त्यात नाही. रशियाने युक्रेनमध्ये हे बॉम्ब वापरले, युक्रेननेही वापरले. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला असे तोफगोळे दिले तेव्हा सांगितलं गेलं की यातले फार तर २.३५ टक्केच फुटत नाहीत. आकडा किती गोड वाटतो बघा. आता जरा गणित करू. अशा एका तोफगोळ्यात ७२ किंवा ८८ छोटे बॉम्ब असतात. ७२च धरा. हजार गोळे डागले की ७२ हजार बॉम्ब. त्याचे २.३५ टक्के म्हणजे १,६९२. तेही आकडा खरा निघाला तर. चाचणीच्या कोरड्या, कठीण मैदानावरचा आकडा चिखलात आणि झाडीत टिकेलच, याची हमी कुणी देत नाही.

'हे सगळं लांबचं आहे, आपला काय संबंध?' संबंध आहे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पिनाका रॉकेटसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. एक नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हजशी, दुसरा खडकीत मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाशी. त्यात एक प्रकार असा आहे की ज्याचं वर्णन सरकारनेच 'मोठ्या संख्येने छोटे बॉम्ब टाकून शत्रूला भूभाग वापरू न देणारं' असं केलंय. मूळ पिनाकाही पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेने घडवलेलं. आपण बातमी वाचली, अभिमानाने शेअर केली. पण यातले किती टक्के फुटणार नाहीत, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

आता काही जण लगेच म्हणतील, 'चीन-पाकिस्तान सही करत नाहीत, मग आपणच का हात बांधून घ्यायचे?' प्रश्न बिनतोड नाही, पण खोटाही नाही. रशियाच्या भीतीने लिथुआनिया २०२५ मध्ये या करारातून बाहेर पडला. उद्याच्या उद्या सही करा, असं म्हणणं सोपं आहे, म्हणून मी ते म्हणत नाही. मात्र दोन गोष्टी विसरू नका. एक, बंदीऐवजी नियम करू, ही मोठ्या लष्करी देशांची वाट २०११ मध्येच जिनिव्हात बारगळली. दुसरी, आपलं युद्ध झालंच तर ते पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर, म्हणजे बऱ्याचदा आपल्याच शेतांजवळ होणार. २००१-०२ च्या 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये तिथे सुरुंग पेरले. युद्ध झालंच नाही, तरी आपलेच जवान आणि शेतकरी त्यात मेले, पाय गमावून बसले. न फुटलेला बॉम्ब सातबारा बघत नाही.

म्हणून सही न करताही आज करता येण्यासारख्या चार गोष्टी मागूया.

१. चाचण्यांमध्ये किती टक्के छोटे बॉम्ब फुटले नाहीत, तो आकडा निदान संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे ठेवा.

२. न फुटलेला प्रत्येक छोटा बॉम्ब ठरावीक वेळात आपोआप नष्ट किंवा निकामी झालाच पाहिजे, ही खरेदीची अट असू द्या.

३. कुठे किती टाकले याची नोंद आणि नंतर सफाई. युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमांना भारताने २००५ मध्येच मान्यता दिली आहे, तेव्हा यात नवीन काहीच नाही.

४. पिनाका आर्मेनियाला विकलं जातंय, आणखी गिऱ्हाइकं येतील. छोटे बॉम्ब टाकणारा प्रकार कुणालाही विकणार नाही, असं सरकारने जाहीर करावं. भूसुरुंगांच्या निर्यातीवर आपण १९९६ पासून बंदी पाळतोय, मग इथे काय अडचण?

यातल्या एकाही मागणीने सैन्याची ताकद कमी होत नाही. उलट जो जवान उद्या त्याच जमिनीवरून पुढे जाणार आहे, त्याचाच जीव वाचतो.

देशभक्ती म्हणजे प्रश्न न विचारणं, असं काही जणांनी ठरवून टाकलंय. मला वाटतं, आपल्या पैशातून, आपल्या नागपूर-पुण्यात बनणाऱ्या शस्त्राबद्दल विचारणं हे आपलंच काम आहे. लाओसमध्ये विचारायला कुणी नव्हतं. पन्नास वर्षं झाली, अजून तिथे शेतं साफ होतायत.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा. फक्त शिव्या नकोत, मुद्दे द्या.