वारणेचा ‘समूह’ आणि मनिलाची कंपनी : धनी कोण?

दर जुलै महिन्यात शेकडो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेला लागतात. १६६० सालच्या त्या रात्रीचा प्रत्येक ओढा, प्रत्येक चढ त्यांना ठाऊक असतो. परतीच्या प्रवासात गाडी मलकापुरात चहासाठी थांबते, बांबवडे मागे पडते आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. त्या उसाला मात्र इतिहास आहे असे कोणास वाटत नाही. हा धागा त्याच इतिहासाविषयी आहे.

मलकापूर म्हणजे येथे कोल्हापूर जिल्ह्यातील, शाहूवाडी तालुक्यातील; बुलढाण्याचे नव्हे. संस्थानी काळात विशाळगडच्या पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे हेच होते. सारा, जंगल, न्याय, बाजार असा सगळा कारभार एका गादीखाली चाले. रयत कर देत असे. गादीवर कोण बसावे हे तिला कोणी विचारीत नसे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

याच तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा नदी वाहते. तिच्या काठी, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या माळावर, १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे (१९१४–१९९४) यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरानगरचा प्रयोग तेव्हा ताजा होता. कारखान्यापाठोपाठ १९६४ मध्ये शिक्षण मंडळ, १९६८ मध्ये दूध संघ, मग बँक, ग्राहक भांडार, महिलांचे उद्योग आणि १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय अशी रांग लागली. मुलांचा वाद्यवृंदसुद्धा निघाला! माळाचे वारणानगर झाले आणि या साऱ्याला लोक ‘वारणा उद्योग समूह’ म्हणू लागले.

आता ‘समूह’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे, कारण खरी गंमत तेथेच आहे.

जगातील बहुतेक उद्योगसमूहांच्या मुळाशी एक होल्डिंग कंपनी असते. फिलिपिन्समधील आयाला कॉर्पोरेशनचे उदाहरण घ्या. १८३४ साली मनिलात एका दारूच्या भट्टीपासून हे घराणे उद्योगात आले. १८५१ साली रोहास कुटुंबाने मकातीची जमीनदारी विकत घेतली. ती पुढे आयालांकडे आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जमिनीवर त्या देशाचे आर्थिक केंद्र उभे राहिले. आज जमीनजुमला, बँक, दूरसंचार आणि वीज या क्षेत्रांतील निरनिराळ्या कंपन्यांत आयाला कॉर्पोरेशनचे भाग आहेत. आणि खुद्द त्या कंपनीत सर्वांत मोठा वाटा मर्मॅक नावाच्या कौटुंबिक कंपनीचा आहे. धनी कोण, याचे उत्तर कागदावर आहे. मकातीच्या कुळांना त्यात कधी मत नव्हते, हेही तितकेच उघड आहे.

आपल्याकडील कंपनी कायदाही हेच सांगतो. एका कंपनीच्या हाती दुसरीची निम्म्याहून अधिक मतशक्ती असली की पहिली होल्डिंग आणि दुसरी उपकंपनी.

वारणेत असे काहीच नाही. कारखाना ही एक स्वतंत्र नोंदणीकृत संस्था, दूध संघ दुसरी, बँक तिसरी. प्रत्येकीचे सभासद, संचालक मंडळ आणि ताळेबंद वेगळे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार एका सभासदाला एकच मत. भाग एक असो वा शंभर. म्हणजे समूहाला माता-संस्था नाही आणि एकटा कोणी मालकही नाही. हे लहानसहान यश नव्हे. जहागिरीच्या काळात ज्याच्या आजोबाला मत नव्हते, तो नातू कारखान्याच्या सभेत हात वर करून अध्यक्षाला हिशेब विचारू शकतो. मनिलाशी तुलना केली तर वारणेचे पारडे येथे निःसंशय जड आहे.

पण मग समूहाला बांधून ठेवणारा दोरा कोणता? इतिहासकाराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. ते उसाच्या बिलात मिळेल.

पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे ऊसबिल वाचणे म्हणजे मोडी कागद वाचण्यासारखेच आहे. वरती टनेज आणि दर, खाली कपातीची यादी. सेवा सोसायटीच्या पीककर्जाची वसुली, पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी, खताची उधारी, ठेवी. उरलेली रक्कम बँकेच्या खात्यावर. ज्या संस्था कागदोपत्री एकमेकींना ओळखतही नाहीत, त्या या एका बिलावर भेटतात. होल्डिंग कंपनीत जे काम भागभांडवल करते, ते येथे कपात करते.

याची एक मासलेवाईक साक्ष उपलब्ध आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा सरकारी प्रकल्प जाहीर झाला. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून तो देशभर गाजला. शेतकरी घरबसल्या जगाचे बाजारभाव पाहील, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात गावकेंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, खताचा साठा आणि बिलाची चौकशी यांसाठीच झाला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले आणि ते अधिक स्वस्तात झाले. दिल्लीला जे इंटरनेट वाटले, ते गावाला कपातीच्या यादीची खिडकी वाटली. गावाचेच बरोबर होते.

दुसरा दोरा माणसांचा. तात्यासाहेबांनंतर समूहाचे नेतृत्व घराण्यातच राहिले. त्यांचे नातू विनय कोरे यांनी २००४ मध्ये जनसुराज्य शक्ती पक्ष काढला आणि मलकापूर ज्या शाहूवाडी मतदारसंघात येते, तेथून ते आमदार झाले. निवडणुका होतात, सभा भरतात, सारे नियमानुसार आहे. आयाला घराण्याची सत्ता भागांच्या संख्येत मोजता येते. सहकारातील घराण्याची सत्ता कोणत्याही नोंदवहीत आढळत नाही, म्हणून ती तपासताही येत नाही. हा दोष एकट्या वारणेचा नाही. महाराष्ट्रात जेथे जेथे कारखान्याभोवती गाव उभे राहिले, तेथे तेथे चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे.

यावर नेहमीचा बचाव असा असतो की, सभासदाला नको असेल तर तो पॅनेल पाडू शकतो. बचाव खरा, पण अपुरा. मनिलातील लहान भागधारक नाराज झाला तर सकाळी भाग विकून दुपारी मोकळा होतो. कारखान्याचा भाग शेअरबाजारात विकला जात नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घटतो. तो दूर नेणे परवडत नाही. १९८४ ते १९९७ या काळात तर झोनबंदीमुळे आपल्या क्षेत्राबाहेर ऊस घालण्यास कायद्यानेच मज्जाव होता. शिवाय ज्याचे कर्ज, दूध, पाणी आणि मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश एकाच नावाच्या छायेत आहेत, त्याचे मत कारखान्यापुरते राहत नाही. कायद्याने संस्था वेगळ्या केल्या. मतदाराच्या मनात मात्र त्या एकच असतात.

आणि एखादी संस्था कोलमडली तर? होल्डिंग कंपनी तोट्यातील उपकंपनी सावरते किंवा विकते. निर्णय कोणाचा, हे ठरलेले असते. सहकारात तसा वरिष्ठ धनी नाही. मलकापूरच्या जवळचेच उदाहरण आहे. बांबवडे परिसरातील उदयसिंगराव गायकवाड सहकारी साखर कारखाना पुढे अथणी शुगर्स या खासगी कंपनीकडे भाडेकराराने चालवावयास गेला. चिमणी तीच, ऊस त्याच शिवारांतला. पण गाळपाचे निर्णय आता कंपनीच्या संचालकांचे. भाग घेतलेला सभासद कागदावर मालक राहिला आणि व्यवहारात पुरवठादार झाला.

या साऱ्याची साधने दुर्मीळ नाहीत. प्रत्येक सहकारी संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घेते आणि सभासदांसाठी मराठीत अहवाल काढते : गाळप, उतारा, येणी, देणी, संचालकांची नावे. पन्नास-साठ वर्षांचे असे अहवाल खोऱ्यातील घराघरांत माळ्यावर पडलेले असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने रद्दीत जातात. बखरीच्या एका पानासाठी पुण्याच्या दप्तरखान्यात दिवस घालवणाऱ्या अभ्यासकांनी पुढच्या पावसाळ्यात परतताना मलकापूर-बांबवड्याच्या एखाद्या ओळखीच्या घरी तेवढा माळा पाहून घ्यावा.